हातपंपाची प्रात्यक्षिक परीक्षा

बोरखेडीच्या हातपंपाला संस्थेने एचआयव्हीच्या प्रशिक्षणासाठी तालुक्याला पाठवलं, आणि परत आल्यापासून तो प्रश्न विचारल्याशिवाय पाणी देईना. संस्था पाण्याचं काम करणारी. पण यापुढे प्रत्येक कामात एचआयव्हीची जागृती हवी, असं वरून ठरलं होतं. संस्थेच्या माणसांना मान वर करायला फुरसत नव्हती. मोकळा असा हातपंपच होता.

गावाने फारशी कुरकुर केली नाही. बायका हंडा लावत, उत्तर देत, पाणी नेत. पुरुष पाण्याला कधी आलेच नव्हते, ते कोरेच राहिले.

कुसुम आवटेला मात्र हातपंप आवडला. तिला स्वतःला एचआयव्ही होता. गोळ्या वेळेवर चालू होत्या, तब्येत ठणठणीत होती. पूर्वी तिच्या पुरणपोळीशिवाय बोरखेडीत लग्नाची पंगत उठत नसे. पण बातमी फुटल्यापासून लग्नघरी तिला कुणी पोळ्या लाटायला बोलवेना. ते तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. आणि उद्या तर शेजारच्या द्वारकाकाकूंच्या नातीचं लग्न.

संध्याकाळी कुसुम पाणी भरून बाजूला झाली. काकूंनी दांडा राखेने घासला आणि हंडा लावला.

"एकाच दांड्याला हात लावल्याने एचआयव्ही होतो का?" हातपंपाने विचारलं.

"न्हाई होत," काकूंनी झटकन सांगितलं आणि दांडा मारला. थेंब पडेना.

"तोंडी पास," हातपंप म्हणाला. "प्रात्यक्षिकात नापास. दांड्याला राख लागलेली आहे."

"अरं बाबा, उद्या घरात लगीन हाय!"

"फेरपरीक्षा देता येईल. विषय आपण निवडावा. कुसुमबाईंचा हात, त्यांचा कप किंवा त्यांच्या हातचं जेवण."

काकूंनी बराच विचार केला. "जेवण," त्या म्हणाल्या. "पोटात तरी काही जाईल."

काकूंच्या घरून पुरण आलं, कणीक आली, पंपाशेजारी चूल पेटली. कुसुम पोळी लाटायला बसली. पोळी फुटली तर लग्नघरचं बोलावणं कायमचंच गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोळी फुटली नाही.

काकूंनी डोळे मिटून घास तोंडात टाकला. चावता चावता त्या थांबल्या. मग त्यांनी डोळे उघडले.

"पास," हातपंप म्हणाला आणि भळाभळा पाणी सोडू लागला.

काकूंचं लक्षच नव्हतं. "किती दिसांनी गं ही चव! आणखी एक वाढ. तूप घाल वरनं."

"दुसरी पोळी अभ्यासक्रमात नाही," हातपंपाने नम्रपणे सांगितलं.

"तू गप. पाणी काढ," काकू म्हणाल्या. "आन् कुसुम, पहाटंच ये गं. शे-दोनशे पानं उठायचीत, आन् आमच्या पोरींना साधी पोळी लाटता येत न्हाई."

कुसुमला रडू फुटलं. पण तव्यावरची पोळी फुगत होती, म्हणून तिने आधी ती उलटली.