पालखीचा पहिला खांदा आनि मुक्कामी आलेला प्रश्न

सोमवारी संध्याकाळी माझ्या पोरीचा प्रश्न शाळेच्या टॅबमधनं बाहेर पडला आनि आमच्या घरी मुक्कामाला आला.

ह्यात नवल काय न्हाई. मुजावर बाई शाळेत आल्यापासनं गावात असंच चाललंय. बाईंनी पोरांसाठी एक ऑनलाइन फळा काढलाय. पोरं घरनं त्येच्यावर लिवत्यात, एकमेकाचं वाचत्यात. पन उत्तर लिवायचं न्हाई, प्रश्न लिवायचा. ज्येचं उत्तर पुस्तकात हाय तो जागेवरच विरतो. ज्येला डोस्कं लावावं लागतं तो बाहेर पडतो आनि जिथं उत्तर असंल त्या घराकडं चालू लागतो. मागं 'गावाच्या विहिरीचं पानी खाली का गेलं' हा कदमाच्या घरी जाऊन बसला हुता. कदमानं मळ्यात चोरून बोअर मारल्याचं सांगितलं तवा उठला.

आमचा कमरेएवढा हुता. वरनं वाकलेला, खालचा ठिपका मागनं घरंगळत येनारा. उंबऱ्यात थांबला आनि म्हनाला, "पालखीचा पहिला खांदा शेवाळ्यांचाच का?"

शेवाळे म्हंजे आमी. मी हिंदुराव शेवाळे. सिदोबाच्या जत्रंला पालखी देवळातनं निघती तवा पुढची दांडी पहिल्यांदा आमच्या घरचा मानूस धरतो. आज्यानं धरली, बानं धरली, आता मी धरतो. गावात दुसऱ्या कुनाकडं न्हाई आनि माझ्याकडं हाय, अशी तेवढी एकच गोष्ट. आनि जत्रा शुक्रवारी हुती.

"पहिल्यापासनं हाय म्हनून," मी म्हनलं. "निघ."

तो वीतभर वाढला.

"ऐकू येत न्हाई का? मान हाय आमचा."

आनिक वीतभर वाढला. ठिपका बी फुगला. तवर माझी बायको शालन पान्याचा तांब्या घिऊन आली, घोंगडं हातरलं आनि त्येला म्हनाली, "बसा भावजी."

"भावजी कुनाला म्हनतीस?"

"मग काय म्हनू? तुमच्यापरीस बरा हाय. एकच गोष्ट बोलतो आनि वरडत न्हाई."

प्रांजल, आमची पोरगी, सातवीला हाय. तिला म्हनलं, "प्रश्न काढायला आपलंच घर गावलं व्हय गं?"

"आप्पा, तुमीच रोज सांगता पहिला खांदा आपला. मला वाटलं, का बरं?"

"वाटू दिऊ नगंस."

"बाई म्हनत्यात वाटू द्यायचं."

मंगळवारी मी शाळेत गेलो. तो मागनं आलाच.

"बसा हिंदुराव," बाई म्हनाल्या.

"बसायला आलो न्हाई. ह्येला आत घ्या."

"घेता येत नाही. तो तुमच्या नावावर आहे."

"कुनी चढवला नावावर?"

"उत्तर तुमच्याकडं आहे, म्हणून आपोआप चढला."

"दिली की उत्तरं. पहिल्यापासनं हाय म्हनलं, मान हाय म्हनलं."

बाईंनी त्येच्याकडं वरपातूर बघितलं. "पाठ केलेल्या उत्तरावर तो पोसतो. असंच चाललं तर जत्रेदिवशी तुम्ही दांडीला हात घालाल आणि हा मध्ये उभा राहील. तसा नियमच आहे."

"मग मी करू काय?"

"आधी नीट बघा. मग जुळवा. मग बोला. तुम्ही आधी बोलता."

"बाई, मी चौथी शिकलोय."

"मग बरंय. पाठ केलेलं फार नसेल."

मला राग आला, पन कुटं धरायचा कळंना. म्हनून थेट नानांकडं गेलो. नाना माझं चुलतं. ते म्हनाले, आपल्या पूर्वजानं नदीतनं देव काढला म्हनून. प्रश्न हातभर वाढला. गुरवाकडं गेलो. गुरव म्हनाला, देवानं सपनात येऊन सांगितलं म्हनून. तवा तर तो असा वाढला की घरी आल्यावर त्येच्यासाठी कौलं काढावी लागली. कौलं काढताना शालन खालनं म्हनाली, "आनि कुनाला इचारायचं असंल तर आत्ताच इचारा. म्हंजे समदंच छप्पर एकदम उतरू."

बुधवारी जत्रंची सुट्टी लागली. प्रांजलनं नानांच्या भिंतीवरचे पालखीचे फोटू काढून आनले. एक आज्याचा, एक बाचा, एक माझा. तिन्ही त्या ऑनलाइन फळ्यावर चढवले आनि खाली लिवलं, काय दिसतंय ते सांगा. पोरं घरनं लिवायला लागली. प्रांजल वाचून दावत हुती.

"टोप्या येगळ्या, दांडी तीच."

"ह्ये काय इचार करनं झालं?" मी म्हनलं.

"थांबा की आप्पा. ही बघा कदमाची पूर्वा. ती म्हनती, तिन्ही फोटूत पालखी दारातच हाय आनि मागची समदी मान्सं वाकल्यात."

"मग?"

"पुढचा वाकलेला न्हाई."

मी टॅब तिच्या हातातनं घेतला. "ह्ये मोठं कसं करायचं?" तिनं दोन बोटांनी करून दावलं. आज्या ताठ. बा ताठ. मी ताठ. आनि वर, टोपीला घासून, देवळाच्या जुन्या दाराची चौकट. पायात व्हाना न घालता मी देवळाकडं पळत सुटलो. मागनं प्रश्न पळतोय, त्येच्या मागनं ठिपका, त्येच्या मागनं प्रांजल.

जुनी चौकट देवळाच्या मागं सरपनात पडली हुती. मी ती उभी केली, प्रांजलला धराय लावली आनि आतनं चालत गेलो. टोपी घासली, डोस्कं न्हाई. गुरवाला हाक मारली. "ये हिकडं. चाल ह्येच्यातनं." त्येचं कपाळ सनकन लागलं.

"कशापायी मारताय मला?" गुरव म्हनाला.

मला समदं कळलं हुतं. पुढचा मानूस वाकला की पालखी तिरकी व्हती, देव घसरतो. म्हनून पुढं असा मानूस पायजे ज्येला वाकावंच लागत न्हाई. आनि आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या उंच मानूस जलमलाच न्हाई. जन्मात मला एवढा आनंद झाला न्हाई. लगीन झालं तवाबी न्हाई. मी प्रांजलला उचलून घेतलं आनि खाली ठिवलं, आनि मग ध्यानात आलं की ह्ये गावासमोर बोलावं लागनार. मला बुटका म्हननाऱ्याचं डोस्कं मी आजवर शाबूत ठिवलेलं न्हाई.

आनिक एक गोष्ट ध्यानात आली. त्या फोटूनंतर देऊळ नवं बांधलंय. नव्या दारातनं उसाचा ट्रॅक्टर जाईल.

शुक्रवारी हलगी वाजाय लागली. मी दांडीकडं गेलो. प्रश्न मधी उभा ऱ्हायला, शेंडा पार कळसाला टेकलेला. सगळं गाव बघतंय. कदम म्हनाला, "हिंदुराव, काय ते सांग आनि उरक. पोरं उनात हाईत."

"आमी बुटके हावोत म्हनून," मी म्हनलं.

"ह्ये तर समद्यास्नी म्हाईत हाय," कदम म्हनाला.

माझा हात उठला हुता. पन तेवढ्यात प्रश्न सरसर खाली आला, पार कमरेएवढा झाला, म्हनून हात तसाच ऱ्हायला. तरी तो हलंना. परत म्हनाला, "शेवाळ्यांचाच का?"

मी शालनकडं बघितलं. ती म्हनाली, "अर्धं सांगू नगासा. घराला आधीच कौलं न्हाईत."

"जुनं दार ठेंगनं हुतं, तवा आमी लागत हुतो," मी म्हनलं. "आता दार उंच हाय. आता आमचाच असायला कारन न्हाई."

प्रश्नानं ठिपका उचलून काखंत मारला, देवाला वाकला आनि वेशीकडं निघून गेला. दांडी मोकळी झाली. मी हात घातला न्हाई. दुसऱ्या कुनी बी घातला न्हाई.

"धरा की कुनीतरी," गुरव म्हनाला. "देव ताटकळलाय."

"मग आता कुनी धरायची?" मी म्हनलं. रागानं न्हाई. मला खरंच कळून घ्यायचं हुतं.

आनि नवा प्रश्न बाहेर पडला. टॅबमधनं न्हाई, माझ्या तोंडातनं. छातीएवढा, ठिपका अजून वला. मुजावर बाई गर्दीतनं पुढं आल्या, त्येच्या भवती फिरून बघितलं.

"तुमचा?"

"माझाच."

"पहिलाच?"

"व्हय."

"चांगला आहे," बाई म्हनाल्या. माझी छाती फुगली.

लोकं वरडाय लागली. पाळीनं धरा. चिठ्ठ्या टाका. जो खांदा दील त्येचा. बायास्नी इचारलं का कुनी. एकमेकाचं ऐकून लोकं आपलं म्हननं बदलत हुती, असं गावात मी कवा बघितलं न्हाई. प्रश्न ना वाढला ना उतरला. थोडा येळ समद्यांचं ऐकून घेतलं आनि आपल्या पायानं पुढं जाऊन त्यानं दांडी खांद्यावर घेतली.

हलगी थांबली. गुरवाला मानकऱ्याचं नाव पुकारावं लागतं. तो अडला. "घरानं कुठलं म्हनायचं ह्येचं?"

"शेवाळ्यांच्यात जलमलाय," शालन म्हनाली.

"मग हरकत न्हाई," गुरव म्हनाला आनि त्येच्यावर गुलाल टाकला.

पालखी हलली. त्येच्या मागची जागा मोकळी हुती. मी खांदा दिला आनि प्रांजलला म्हनलं, "बघत काय बसलीस? टॅब आईकडं दे आनि ये हिकडं."