बारा फुटांवरून काढलेला फोटो

पूर्व जबलपुरात आपल्या तोडीचा गुप्तहेर नाही, असं अंबादास गजभिये यांचं स्वतःचं मत होतं आणि ते त्यांनी एकमताने मंजूरही केलं होतं. नजर घारीची, बुद्धी सुरीची, स्मरणशक्ती तर अशी की विसरलेल्या गोष्टींची यादीही तोंडपाठ. घमापुरातल्या घरावर 'गुप्तहेर' अशी पाटी होती, लायटिंगसकट. त्यांचा चष्मा मात्र रोज बायको, ममताबाई, शोधून देत.

शेजारच्या गीताबाईंना मावसभावाच्या पेटीत एक फोटो सापडला. रस्त्याकडेची गर्दी, त्यात त्यांची आई आणि तिच्या कडेवर दीड वर्षाच्या गीताबाई. त्याच साली आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

"माय कुठं उभी होती तेवढं सांगा, भाऊ," त्या म्हणाल्या. "डोळे जायच्या आत तिथं एकदा उभी राहून पाहीन."

फोटोत घरं दिसतच नव्हती, नुसती माणसं. सगळ्यांचे हात जोडलेले, नजरा वर, चेहरे हसरे. कडेला काहीतरी धूसर आणि मधून तिरकी गेलेली एक काळी रेघ. अंबादासजींनी दोन मिनिटांत निकाल दिला: कॅमेरा बारा फूट उंचीवर, म्हणजे फोटोवाला हत्तीवर, धूसर दिसतो तो हत्तीचा कान. रस्त्यावरचा अख्खा मोहल्ला हत्तीला काहून हात जोडेल, असं ममताबाईंनी विचारल्यावर हत्ती रद्द झाला आणि काळी रेघ बंदुकीची नळी ठरली. लोक शरण आले होते. मग हसत का होते? ते वरून नीट कळेल म्हणून साहेब ओमती मोहल्ल्यात विजेच्या खांबावर चढले. पोलिसांनी खाली उतरवून चहा पाजला आणि घरी पोचवलं. वहीत नोंद झाली, 'पोलिसांशी सल्लामसलत.'

गीताबाई रोज संध्याकाळी येऊन पायरीवर बसत. विचारत काहीच नसत, आणि ममताबाईंना तेच सोसवत नव्हतं.

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ममताबाई ट्रकवर होत्या, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, झेंडूचा हार सावरत. घमापूरच्या वळणावर ट्रक थांबला. तिथं विजेची तार खाली लोंबते. साठ वर्षांत ती कुणी वर घेतलेली नाही. अख्ख्या वाटेवर ट्रकला बांबू लागतो तो इथंच. दरसाल अंबादासजी बांबूने तार उचलून धरतात, आधी त्यांचे वडील धरत. कोपऱ्यावर गीताबाई नेहमीसारख्या हात जोडून उभ्या होत्या. ममताबाईंनी मोबाईलवर फोटो काढला आणि बघतच राहिल्या. तेच जोडलेले हात, तसबिरीकडे वळलेल्या नजरा. कडेला धूसर हार. मधून तिरका बांबू.

"अवो," त्या वरून म्हणाल्या, "तुमची बंदूक तुमच्याच हातात हाये."

अंबादासजींनी बांबूकडे पाहिलं. आपल्याला हाच संशय होता, असं ते म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता. ममताबाईंनी वाकून गीताबाईंना मोबाईल दाखवला, जुना फोटोही जयंतीच्या ट्रकवरून, याच वळणावर काढलेला, हे समजावलं.

"इथंच?" गीताबाई म्हणाल्या. "मी तं दरसाल इथंच उभी राहते न."

त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी तिथंच उभ्या राहिल्या. डोळ्यांना पदर लावला, पण जागा सोडली नाही. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"चाचा, गाडी निकालूँ?" ट्रकच्या ड्रायव्हरने विचारलं.

अंबादासजींनी बांबू तसाच उचलून धरला.

"रुको, भैया. तहकीकात चल रही है."