कुसुमावतींचा हिंसक रस्सा

कुसुमावतींच्या मटणाच्या रश्श्यावर बंदी आली ती मंगळवारी सकाळी अकरा वाजता. नागपूरच्या इतवारीतल्या आपल्या खानावळीत भाकरी थापता थापता त्यांनी सुनेला सहज विचारलं होतं, "टाकला का वं आजचा फोटो?"

"टाकला. पण उडवला त्याईनं," प्रियदर्शनी मोबाईलकडे बघत म्हणाली.

"कोणं उडवला?"

"ॲपवाल्यायनं. म्हणजे माणूस नाही, यंत्रच तपासते सारं. म्हणते, दृश्य हिंसक आणि रक्तरंजित आहे."

कुसुमावतींनी पदराला हात पुसले आणि पातेल्यात डोकावून पाहिलं. लालभडक तर्री, वर तेलाचा तवंग आणि मधूनच डोकं काढणारी नळी. "रक्त? अवं, खसखस, सुकं खोबरं अन् भिवापुरी मिरची आहे हे! त्याले म्हणा, खाऊन पाय."

"यंत्र खात नाही, आई."

"मंग त्याले कशाची अक्कल येते?"

कुसुमावतींना राग येणं साहजिक होतं. त्यांच्या सासूबाई रुख्मिणीबाई यांच्या घरी एके काळी चार हातमाग चालत. माग गेले, विणकरांचा तो जहाल सावजी रस्सा तेवढा राहिला. "घर विकशीन तर विक, पण तर्री पातळ करू नको," असं सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात बजावलं होतं आणि कुसुमावतींनी ते चाळीस वर्षं पाळलं होतं. पण आता निम्म्या ऑर्डरी सुनेने ॲपवर काढलेल्या खानावळीच्या पेजवरून येत, आणि यंत्राने कळवलं होतं की अजून दोन गुन्हे झाले तर पेज कायमचं बंद.

प्रियदर्शनीने दाद मागितली. ती यंत्रानेच वाचली आणि नऊ सेकंदांत उत्तर आलं की आम्ही आपल्या तक्रारीचा सखोल विचार केला आहे. मग तिने रश्श्याचा कृष्णधवल फोटो टाकला. त्यात नळी भलतीच संशयास्पद दिसली, जशी काही पोलिसांना नाल्यात सापडलेली. दुसरी ताकीद आली. शेवटी तिने वाटीभर रस्सा वेगळा काढून त्यात दही आणि हळद घातली. तो पिवळा फोटो यंत्राने तत्काळ पास केला.

"हे आजाऱ्याचं जेवण कोणासाठी?" कुसुमावतींनी विचारलं.

"फोटोपुरतं आहे, आई."

"मंग फोटो काढ अन् झाकून ठेव. कोणी पायलं तर माही इज्जत जाईन."

फोटोचं निभावलं, पण पुढे गिऱ्हाइकांच्या जिभेची पाळी आली. कन्हानचे बाबनराव दर रविवारी स्कूटरवर येत आणि जेवल्याबरोबर पेजवर अभिप्राय लिहीत. त्या रविवारी त्यांनी लिहिलं, "कुसुमाबाईनं आज जीव घेतला. मेलो." यंत्राने ते पुसलं आणि मिनिटभरात त्यांना निरोप धाडला, "तुम्ही एकटे नाही आहात. कुणाशी तरी बोला." खाली मदतीचा नंबरही होता.

बाबनरावांनी आज्ञा पाळली आणि कुसुमावतींशीच बोलले. "बाई, हे लोकं मले सारखे इचारून राहिले का जगावंसं वाटते का म्हणून. मी म्हटलं, पुढच्या रविवारपर्यंत तर नक्कीच वाटते!"

सावजीचं कौतुक करायचं तर नागपूरकर आगीशिवाय आणि मरणाशिवाय बोलत नाही. कानातून धूर, डोक्यात जाळ, नाकाचा खून. सगळं एकापाठोपाठ उडू लागलं. लोक मग शहाणे झाले. बाबनराव लिहू लागले, "भोजन अत्यंत शीतल व सुसंस्कृत होते. तीन तांबे पाणी प्यालो." दुसऱ्याने लिहिलं, "पोटास हलके." दोन महिन्यांत ते पेज एखाद्या निसर्गोपचार केंद्राचं वाटावं इतकं सात्त्विक झालं.

प्रियदर्शनी खूश होती. कुसुमावतींना मात्र घास गोड लागेना. "लोकं जेवून शिव्या देत होते तवा मले समजे का जमलं. आता सारे देवळात बोलल्यासारखे बोलून राहिले. माहा हात राहिला का गेला, मी कसं ओळखू?"

अशातच वैदेही नावाच्या मुलीचा फोन आला. "काकू, सदर भागातल्या हॉलमध्ये माझ्या बाबांची पंच्याहत्तरी आहे. साठ माणसं, सगळी त्यांच्याच वयाची. तुमच्या पेजवर वाचलं, जेवण एकदम सौम्य असतं. बाबांनीच दाखवलं मला पेज. त्यांना तिखट चालत नाही. म्हणजे मी चालू देत नाही."

कुसुमावतींनी फोनवर हात ठेवला. "साठ लोकायले आजाऱ्याचं जेवण वाढू? माह्या नावानं?"

"नाही कसं म्हणता?" प्रियदर्शनी कुजबुजली. "तिनं जर बिंग फोडलं, लिहिलं की इथलं तिखट असते, तर?"

"तर खरं लिहिलं असं होईन."

पण ऑर्डर घेतली. त्या शनिवारी टेम्पोत पिवळ्या रश्श्याचं मोठं पातेलं चढलं आणि त्याच्यामागे एक लहान, घट्ट झाकलेलं.

"हे कोणासाठी?" सुनेने विचारलं.

"तुह्या आजेसासूसाठी. खानावळीच्या पाटीवर त्याईचं नाव आहे नं."

हॉलमध्ये पहिली पंगत शिस्तीत जेवली. कोणी हुसहुस केलं नाही, कोणी पाणी मागितलं नाही. ती शांतता कुसुमावतींच्या काळजाला लागली. चाळीस वर्षांत त्यांच्या पंगतीत इतकं शांत कोणी बसलं नव्हतं. तेवढ्यात वाढप्यांच्या पडद्यामागे गळ्यात हार घातलेले उत्सवमूर्ती गोपाळराव आले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, दुसरं पातेलं कुठी आहे?"

"कोणतं दुसरं?"

"मी दोन महिन्यांपासून पेज वाचून राहिलो तुमचं. पहिले वाटलं, बाई बिघडल्या. मग त्या बाबनरावचं वाचलं. शीतल जेवणावर तीन तांबे पाणी कोणी पिते का? तवाच समजलं का तर्री आहे तशीच आहे, अन् पोरीले पेज दाखवलं."

कुसुमावतींनी लहान पातेल्याचं झाकण काढलं. तो वास पडद्याबाहेर गेला, आणि हात धुवायच्या निमित्ताने वाट्या घेतलेल्या म्हाताऱ्यांची रांग मागच्या दाराशी लागली. एकेक पळी मिळाली. कोणी हुसहुसलं, कोणी डोकं धरलं, आणि एका आजोबांनी इतकी खणखणीत शिवी हासडली की कुसुमावतींना भरून आलं.

गोपाळराव बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून धार लागली होती.

"बाबा, रडताय?" वैदेही धावली.

"तुह्या आईची आठवण आली वं," म्हणत ते पुन्हा पडद्याकडे वळले.

पिवळा रस्सा खाल्लेल्या वैदेहीने रात्री पेजवर लिहिलं, "या सौम्य जेवणाने माझे बाबा गहिवरले." नेहमीचे लोक ते वाचून थक्क झाले. इतकी जहाल तारीफ आजवर कोणालाच जमली नव्हती. पुढच्या रविवारी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत वैदेही स्वतः येऊन बसली.

"काकू, बाबांनी त्या दिवशी जे खाल्लं ना, तेच द्या. सारखी आठवण काढतात."

"तेच?"

"तेच."

"पक्कं?"

"काकू, मी तुमचे सगळे रिव्ह्यू वाचलेत."

कुसुमावतींनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. वाढलं.

पहिल्या घासाला वैदेही थांबली. दुसऱ्याला तिचे कान तापले. तिसऱ्याला तिने तांब्या तोंडाला लावला, आणि वाटी संपता संपता बाबा कशाने गहिवरले होते ते तिच्या ध्यानात आलं. तिने तिरीमिरीत मोबाईल उचलला. जगाला खरं कळायलाच हवं होतं! "हे सौम्य नाही! जीव गेला! मेले मी!" तिने लिहिलं आणि पाठवलं. डोळ्यांदेखत ते नाहीसं झालं आणि निरोप आला, "तुम्ही एकटे नाही आहात."

तिने मान वर केली. समोर बाबनराव डोक्यावर ओला रुमाल घेऊन बसले होते. पलीकडे चौघे नाकं पुसत होते, त्यांच्यामागे आणखी सहा. सगळ्यांचे डोळे वाहत होते आणि सगळे मोबाईलवर काहीतरी गोडगोड लिहीत होते.

कुसुमावती पळी घेऊन तिच्याजवळ आल्या. "कसं झालं, पोरी? खरं सांग."

नाक पुसत वैदेहीने रिकामी वाटी पुढे केली.

कुसुमावतींचा चेहरा दोन महिन्यांनी खुलला. त्यांनी वाटी काठोकाठ भरली, वरून तर्री सोडली.

"लिही मंग," त्या म्हणाल्या, "सौम्य होतं म्हणून."