अंत्यविधीच्या बटाट्यांतील प्रथिने

दुःख कितीही मोठे असले तरी ते रिकाम्या पोटी करता येत नाही, हे जगातल्या सर्व प्रगत समाजांनी मान्य केलेले आहे. मिनेसोटातल्या स्कोगन गावाने तर त्यासाठी समितीच नेमली आहे. गावात कुणी गेले की दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण असते. त्या जेवणात कोशिंबीर बदलेल, हॅम बदलेल, मेलेला माणूस तर दरवेळी बदलतोच. पण बटाटे बदलत नाहीत. किसलेले बटाटे, आंबट साय, चीज, आणि वर लोण्यात घोळवलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा. मध्ये लुसलुशीत, कडेला खरपूस. नाव, 'अंत्यविधीचे बटाटे'. लग्नातही हेच करतात आणि नावही हेच ठेवतात. (नवरदेवाने हरकत घेतल्याची नोंद नाही.)

हे बटाटे अडतीस वर्षे आर्डिस टोलेफसनच्या हातचे होते. तिचा नवरा मर्ल, शाळेच्या बसचा निवृत्त चालक. त्याला गर्दी सोसत नसे, म्हणून जेवण आटपेपर्यंत तो बाहेर गाडीत बसून राही. आर्डिस त्याच्यासाठी ट्रेच्या कोपऱ्याची खरपूस खपली कागदी रुमालात गुंडाळून नेई. ती खाऊन तो म्हणे, "चांगला माणूस होता हं." अडतीस वर्षांत त्याचे हे मत कुणाहीबाबत बदलले नाही.

मग समितीवर जॅनेल ब्रुस आली. सेहेचाळीस वर्षांची, लग्न होऊन या गावात आलेली, मनाने अतिशय चांगली, आणि व्यायामशाळेत वजने उचलणारी. (असे माणूस समितीवर आले की सुधारणा अटळ असते.) तिने सप्रमाण दाखवून दिले की शोकात माणसाचे स्नायू झिजतात आणि जुन्या बटाट्यांत दर पळीला अवघी चार ग्रॅम प्रथिने आहेत. म्हणजे अडतीस वर्षे हे गाव कुपोषित अवस्थेत रडत होते! नव्या कृतीत साय गेली, चक्का आला. लोणी गेले, पांढऱ्या घेवड्याचा लगदा आला. कॉर्नफ्लेक्सच्या जागी सोयाचा चुरा, आणि शिवाय दोन मापे प्रथिनांची पावडर. (व्हॅनिलाच्या वासाची. बिनवासाची संपली होती.) चाराचे बावीस ग्रॅम झाले.

फेब्रुवारीत चव घेण्यासाठी सभा भरली. स्कोगनमध्ये कुणाच्या हातच्या पदार्थाला वाईट म्हणायची पद्धत नाही. आवडला तर "बरा आहे" म्हणतात. घशाखाली उतरेनाच, तर "वेगळाच झालाय" म्हणतात. हे जॅनेलला कुणी सांगितले नव्हते, कारण तसे सांगणे हाही उद्धटपणाच. आर्डिस वयाने मोठी, म्हणून पहिला घास तिचा. रंगारी भिंतीला लावतात ती लांबी आपण खातो आहोत, असे तिला स्पष्ट वाटले. अकरा जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वेगळंच झालंय गं," ती म्हणाली.

"अगदीच वेगळं!" अकरा जणी सुटल्यासारख्या म्हणाल्या, आणि चिटणीसबाईंनी लिहून घेतले: एकमताने पसंत.

पुढच्या सात महिन्यांची आकडेवारी बोलकी आहे. अंत्यविधी सात, ट्रे एकवीस, उरलेले बटाटे शून्य. (कुणाचा ट्रे भरलेला परत पाठवणे हा स्कोगनमध्ये अपमान समजतात. त्या उन्हाळ्यात चर्चमागच्या सोरेन्सनच्या कुत्र्याच्या खांद्यांवर चांगलेच स्नायू आले. अहवालात याचा उल्लेख नाही.)

ऑक्टोबरात मर्ल गेला. सकाळी कॉफी ओतून घेतली, ती प्यायची राहिली.

ज्या घरी मृत्यू झाला त्या घरच्या बाईने चर्चच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, असा समितीचा नियम आहे. तो आर्डिसनेच केला होता. तिला आता एकच गोष्ट हवी होती. जुन्या बटाट्यांची कोपऱ्याची खपली, एकदाच. रुमालात गुंडाळून ती गाडीत जाऊन बसणार होती. दुपारी जॅनेल आली, रडून रडून डोळे सुजलेली.

"आर्डिस, मर्लसाठी मी बाविसाचे तीस ग्रॅम करणार आहे."

"नको गं, कशाला एवढा खटाटोप! जुनेच कर, साधे."

स्कोगनमध्ये पहिला नकार हा शिष्टाचार असतो. ही पद्धत मात्र जॅनेलने मन लावून शिकून घेतली होती.

"खटाटोप कसला त्यात? करते मी."

"खरंच नको, जॅनेल."

दुसरा नकारही शिष्टाचारच.

"आर्डिस, मला करू द्या ना हो."

तिसरा नकार खरा धरतात. आर्डिसला हे पक्के ठाऊक होते. 'नको' एवढाच शब्द, की खपली तिची. तिने तोंड उघडले, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वळणाने तोंडातून निघाले, "बरं, तुला त्रास होणार नसेल तर."

जेवणाला एकशे ऐंशी माणसे होती. आर्डिसने ट्रेचा कोपरा चमच्याने खरवडून पाहिला. घेवड्याला खपली धरत नाही. तरी तिने एक गोळा रुमालात घेतला, तो कागदाला चिकटला, आणि मग मात्र तिला रडूच कोसळले. जॅनेल धावत आली.

"आवडले ना?"

"वेगळेच झालेत गं," आर्डिस हुंदके देत म्हणाली.

जॅनेल तिच्याशेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला स्वतःला नाही हो जात हे. माझी आई लोण्याचेच करायची, तुमच्यासारखे. पण तुम्ही सगळ्याजणी इतक्या प्रेमानं ट्रे चाटूनपुसून संपवता, मग मीही पहाटे उठून घेवडा वाटत बसते."

आर्डिसने तिच्याकडे पाहिले. आता फक्त एक वाक्य बोलायचे होते. पण पहाटे उठून घेवडा वाटणाऱ्या बाईला तोंडावर असे कसे म्हणणार?

"अगं, छानच करतेस," ती म्हणाली, आणि आणखी एक पळी वाढून घेतली.

पुढल्या सभेतला ठराव असा: 'मृताच्या पत्नीने साश्रू नयनांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यामुळे तीस ग्रॅमचे प्रमाण कायम करण्यात येत आहे.' ठरावाला अनुमोदन आर्डिस टोलेफसन यांचे.

तुम्हाला या लोकांचे हसू येत असेल. येणारच. आपल्याकडे असली भीडभाड नाही. परवा सूनबाईंनी बटाट्याच्या भाजीत सोयाचा चुरा घालून मोठ्या हौसेने ताट पुढे केले, तेव्हा तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगितलेत, "वा! वेगळीच चव आलीय गं!" तिने ते नीट लक्षात ठेवले आहे. तुमच्या तेराव्याचा बेत ठरला.