कपाळावर आठ एकेचाळीस

जेवणाच्या टेबलावर चार गुंडाळी बँडेज, दोन त्रिकोणी पट्ट्या, एक बोथट टोकाची कात्री, एक काळा मार्कर, भरतीच्या माहितीची अकरा पानं आणि बाबांचा डावा हात एवढ्या गोष्टी होत्या. त्यांपैकी फक्त हाताची तक्रार होती.

"मुंग्या येतायत," बाबा म्हणाले.

"येऊ देत. म्हणजे पट्टा बरोबर बसलाय," काडी म्हणाली.

काडी ही त्यांची मुलगी. वय एकोणीस, वजन एकोणपन्नास किलो. नाव दुसऱ्या आकड्यावरून पडलं होतं. तिला सैन्यात वैद्यकीय मदतनीस व्हायचं होतं आणि निवड आजच होती. साडेनऊला धावणं, मग प्रात्यक्षिक, आणि बारा वाजायच्या आत पालकाने तिथे येऊन अर्जावर सही करायची. सही नसेल तर अर्ज बाद. बाबांनी अजून हो म्हटलेलं नव्हतं. "आधी तिथल्या साहेबांना सतरा प्रश्न विचारीन, मग बघू," एवढंच ते म्हणाले होते. प्रश्न लिहिलेला कागद त्यांच्या खिशात होता.

काडीने मार्कर उघडला आणि बाबांच्या कपाळावर ‘टी’ हे अक्षर काढलं.

"हे काय आता?"

"टी म्हणजे टूर्निकेट, हा पट्टा. रक्त थांबवायला तो आवळला की आवळल्याची वेळ कपाळावर लिहायची. दोन तासांच्या वर राहिला तर हात जाऊ शकतो, म्हणून पुढच्या माणसाला दिसायला हवी. आठ चाळीस."

"आठ एकेचाळीस," बाबा म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करत. "लिहायचंच तर नीट लिही."

तिने नीट लिहिलं. चार मिनिटांनी पट्टा सोडला आणि ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. फडकं स्वच्छच राहिलं. काडीने मार्करवरची बारीक अक्षरं वाचली, मग पिशवी उचलली.

"आई, बाबांचं जरा बघशील? मला उशीर होतोय."

आईने आधी साबण लावला, मग तेल, मग लिंबू. शेवटी तिने भांडी घासायची पावडर काढली. त्याने कपाळ लालभडक झालं आणि त्या लाल जागेवर काळे आकडे उठून दिसायला लागले.

"मघापेक्षा छान वाचता येतंय," आई प्रामाणिकपणे म्हणाली. "अहो, हलू नका ना."

"हलत नाहीये. सोलला जातोय."

दहा वाजून गेल्यावर आईने नाद सोडला. काडीचं उरलेलं एक बँडेज तिने बाबांच्या डोक्याला भुवयांपर्यंत गुंडाळलं. बाबांनी आरशात पाहिलं. आत काय लिहिलंय ते दिसत नव्हतं हे खरं होतं. बसमध्ये एक आजीबाई त्यांना बघून उठल्या आणि त्यांनी आपली जागा दिली. त्या ऐंशीच्या तरी असाव्यात. बाबा नको नको म्हणत होते, तर आजीबाई मागच्या बाईला म्हणाल्या, "बघा, डोक्यावर परिणाम झालाय, तरी माणूस किती सभ्य."

भरती केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. "काका, डोक्याला मार लागलाय?"

"नाही हो. सही करायला आलोय."

"तपासणी झाल्याशिवाय आत सोडता येत नाही. असा नियमच आहे." त्याने उपचार कक्षातल्या दोन परिचारकांना हाक मारली. एकाने बँडेज उलगडलं. लाल कपाळ, ‘टी’, आठ एकेचाळीस. त्याने आपल्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा चौदा.

"दोन तास तेहतीस मिनिटं!" तो म्हणाला. पुढच्या क्षणी बाबा स्ट्रेचरवर होते.

"पट्टा कुठे बांधलाय?"

"सोडला."

"कोणी?"

"मुलीनं."

"मुलगी डॉक्टर आहे?"

"डॉक्टर नाही. मदतनीस. म्हणजे अजून तीही नाही. मी सही केली तर होईल."

"रुग्ण असंबद्ध बोलतोय," परिचारकाने लिहून घेतलं. "हातांवर काही नाही. पायावर असणार."

"अहो, ही नवी पॅन्ट—"

कात्री घोट्यापासून मांडीपर्यंत गेली, मग दुसऱ्या घोट्याकडे वळली. दोन्ही पायांना मिळून अकरा सेकंद लागले. बाबांच्या यादीत पहिला प्रश्न होता, जखमी माणसाला मदत किती वेळात मिळते. तो त्यांनी मनातल्या मनात खोडला.

पट्टा सापडला नाही. तेवढ्यात परीक्षक आल्या. केस पिकलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, परिचारकांचं ऐकलं आणि म्हणाल्या, "रुग्ण धडधाकट आहे. आता आडवे आहेतच तर प्रात्यक्षिक यांच्यावरच घेऊ. चालेल ना तुम्हाला?"

"मला फक्त सही—"

"करू या. पहिला उमेदवार पाठवा."

पहिल्याने बाबांचा उजवा पाय फळीला बांधला. दुसऱ्याने मान जखडून टाकली. त्यानंतर बाबांना फक्त छत दिसत होतं, त्यामुळे तिसरं कोण आलं ते त्यांना आवाजावरून कळलं.

"ऐकू येतंय का? तुमचं नाव सांगा."

"तुला माहीत नाही होय?"

"रुग्णाने उत्तर द्यावं."

बाबांनी नाव सांगितलं. काडीने त्यांचा श्वास पाहिला, बोटांची नखं दाबून रंग परत येतो का ते पाहिलं, दंड चाचपला. मग ती सरळ उभी राहिली. "मॅडम, रक्तस्राव नाही. पट्टाही नाही. सकाळी सरावासाठी मीच बांधला होता. आठ पंचेचाळीसला सोडला."

"सोडल्याची वेळ कुठे लिहिलीस?"

काडीने बाबांच्या कपाळाकडे पाहिलं. "लिहायची राहिली."

"म्हणून एका माणसाची पॅन्ट गेली. चार गुण वजा." परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. बाराला दहा मिनिटं कमी होती. "आता सही. काही विचारायचंय?"

"सतरा प्रश्न होते," बाबा छताला म्हणाले. "बरेचसे झोपल्या झोपल्या सुटले. एकच उरलाय."

"विचारा."

"तिकडे खरंच काही झालं, समोर माणूस पडला, आणि ही घाबरली तर?"

"ते मी सांगून कसं कळेल? मोजू या." परीक्षकांनी काडीला बाबांची नाडी पकडायला लावली आणि काडीचं दुसरं मनगट स्वतः धरलं. पूर्ण मिनिटभर दोघी मोजत राहिल्या.

"बाबा एकशे बारा," काडी म्हणाली.

"तू चौऱ्याहत्तर," परीक्षक म्हणाल्या.

बाबांनी हात पुढे केला. "पेन द्या."

मान हलत नव्हती, म्हणून परिचारकाने अर्ज त्यांच्या तोंडावर उलटा धरला. अकरा सत्तावन्नला बाबांनी खालून वर पाहत सही केली. काडीने ती वाचली, परत वाचली.

"दोघांची पुन्हा मोजा," परीक्षक म्हणाल्या.

परिचारकाने मोजली. बाबा अठ्ठ्याहत्तर. काडी एकशे अठरा.