बावीस टिटव्या आणि एक पेंगणारा पिंगळा

एका जंगलात, फार लांबच्या नाही, एसटीचा शेवटचा थांबा संपला की लागतं ना, त्याच जंगलात एक बेहड्याचं झाड होतं. बाळांनो, मांडी घालून बसा. आधी नाक पुसा.

त्या झाडाच्या ढोलीत एक भलामोठा कॉम्प्युटर होता. सगळ्या जंगलात तो एकच. बाकी बावीस घरांत नुसत्या काचेच्या पाट्या. पाटीवर पंजा ठेवला की वेलीतून निरोप ढोलीत जायचा आणि उत्तर परत यायचं. डोकं एक, तोंडं बावीस. शहरात अशा डोक्याला सर्व्हर म्हणतात. आपण डोकंच म्हणू.

एकदा काय झालं, तरसाच्या पाटीवर निरोप आला, 'फुकट हाडं. इथे पंजा ठेवा.' तरसाने दोन्ही पंजे ठेवले. झालं. ढोलीत कीड शिरली. डोकं एकच, म्हणून बावीसही पाट्या उलट्या दिसायला लागल्या. वटवाघूळ सोडून कोणालाच वाचता येईना.

सगळ्यात जास्त घाबरली साळूताई. साळूताई म्हणजे साळींदर. तिचा टोचू नऊ महिन्यांचा झाला होता. येत्या पुनवेला त्याला गोवराची लस द्यायची होती. बगळे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे, आणि ढोलीतून निघालेली चिठ्ठी बघितल्याशिवाय पिशवीच उघडायचे नाहीत. शेजारच्या जंगलात तर गोवर येऊन बसला होता.

"राखण ठेवा," ती ढोली सांभाळणाऱ्या अस्वलभाऊंना म्हणाली. "आजच्या आज ठेवा. मला घास जात नाही."

राखणदार विकायचं मुंगूस. ते आलं, आधी कीड काढली, पाट्या सुलट केल्या. मग दोन नमुने पुढे ठेवले.

"हा पिंगळा. ढोलीच्या तोंडाशी बसतो. आत नवीन काही शिरलं तर तेवढंच बघतो. अख्ख्या झाडाला एक पुरे."

पिंगळ्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

"हा तर पेंगतोय," कोल्हीणवहिनी म्हणाली.

"मग ही टिटवी घ्या. पान हललं तरी ओरडते."

टिटवी ओरडली. पान हललं नव्हतं. सगळ्यांना फार आवडलं.

"झाडाला एक?" अस्वलभाऊंनी विचारलं.

"छे. घरटी एक."

"तेच बरं," वहिनी म्हणाली. "साळूची टिटवी माझे कागद बघणार म्हणजे जंगलभर करणार."

"मला दोन मिळतील का?" साळूताई म्हणाली.

बावीस टिटव्या आल्या आणि सगळ्या त्या एकाच ढोलीत शिरल्या. पिंगळ्याला परत न्यायचं मुंगूस विसरलं. तो बसला तिथेच, फांदीवर.

पुनव आली. बगळे डॉक्टर तळ्याकाठी एका पायावर उभे राहिले. "ऊन चिंचेवर आलं की मी निघणार," त्यांनी सांगून ठेवलं.

साळूताईने पाटीवर पंजा ठेवला. चिठ्ठी निघाली. पहिल्या टिटवीने ती उलटून पालटून पाहिली आणि म्हणाली, "ठीक." मग दुसरीने पाहिली. पहिलीने बघितलेलं दुसरीला चालायचं नाही ना. तेवढ्यात तिसरीला वाटलं, ही दुसरी कोण? तिने दुसरीला तपासलं. चौथीने तिसरीला. मग काय विचारता, बावीसजणी एकमेकींचे पंख उचलून खाली बघायला लागल्या. ढोली तापली. कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. बावीस पाट्यांवर एकच ओळ आली: 'तुमच्या सुरक्षेसाठी थांबा.'

साळूताई थांबली. ऊन बोरीवर आलं. ती थांबली. ऊन चिंचेकडे सरकलं.

मग ढोलीतून एकच कल्ला ऐकू आला. "रोग सापडला, रोग सापडला." एकविसाव्या टिटवीने चिठ्ठीवर 'गोवर' हा शब्द वाचला होता. त्यांनी चिठ्ठी अडगळीच्या कोनाड्यात कोंडली आणि दारावर दगड लावला.

याच गोंधळात तरसाच्या पाटीवर निरोप आला, 'मागच्यापेक्षा मोठी हाडं.' तरस बिचारं आशाळभूत. पुन्हा कीड निघाली वेलीतून. ढोलीच्या तोंडाशी आली. पिंगळ्याने एक डोळा उघडला, गट्ट केली, डोळा मिटला. कोणाला कळलंसुद्धा नाही.

साळूताईने टोचूला शेपटीमागे घेतलं आणि ती तरातरा ढोलीत शिरली. पाठ फिरवून तिने सगळे काटे उभे केले आणि खुळखुळ वाजवले. बावीस टिटव्या भुर्र उडाल्या.

"डावीकडचा कोनाडा," पिंगळा डोळे मिटूनच म्हणाला. "दगड हलका आहे."

ती चिठ्ठी घेऊन धावली. ऊन चिंचेच्या शेंड्याला टेकलं होतं. डॉक्टरांनी दुसरा पाय खाली घेतला होता, म्हणजे निघालेच होते.

चिठ्ठी वाचून ते टोचूभोवती दोनदा फिरले. "टोचायचं कुठे, ताई? इथे सगळीकडे आधीच टोचलेलं आहे."

शेवटी टोचूच्या मऊ मांडीत लस गेली. तो रडला, मग डॉक्टरांच्या चोचीला काटा लागला तेव्हा हसला.

दुसऱ्या दिवशी सभा भरली.

"कालच्या दिवसात कीड आली का?" अस्वलभाऊंनी विचारलं.

"नाही आली," सगळे म्हणाले.

"ओरडलं कोण?"

"टिटव्या."

मग काय शंका? टिटव्यांना हार घातले. घरटी दोन कराव्यात असं ठरलं. पिंगळ्याला कामावर पेंगतो म्हणून काढून टाकलं.

सभा संपल्यावर साळूताईने पिंगळ्याला हळूच विचारलं, "आमच्या दारात बाभूळ आहे. पेंगायला याल का?"

तात्पर्य: बाळांनो, पेंगणाऱ्याला कधी राखणीला ठेवू नये. तो गुपचूप काम करून टाकतो, आणि मग आपल्याला काळजी करायला काही उरतच नाही.