काशीनाथरावांची श्रेणी

बेव्हर्ली पार्कमधल्या उत्तम घाणेकरांच्या घरी भिंतभर शोकेस करून घ्यायचं ठरलं. सुताराने टेप लावली, तेव्हा त्या भिंतीला वडिलांची खाट असल्याचं प्रथमच लक्षात आलं. "साब, ये हटाना पडेगा," सुतार म्हणाला. तो खाटेबद्दल बोलत होता. खाटेवर काशीनाथराव बसलेले होते, त्यामुळे थोडा घोटाळा झाला.

हे घर काशीनाथरावांच्या लालबागच्या खोलीच्या पागडीतून आलं होतं. पण जुन्या गोष्टी उगाळत बसणं बरं नव्हे.

त्याच सुमारास, म्हणजे चौऱ्याण्णव साली, घोडबंदर रोडला चेण्याजवळ 'सायंप्रभा साहाय्य-निवास' निघाला होता. घाणेकर कुटुंब रिक्षा करून तिथे गेलं.

"याला वृद्धाश्रम म्हणायचं नाही," व्यवस्थापिका ममताबाईंनी आधीच बजावलं. "वृद्धाश्रमात आईवडलांना टाकतात. इथे ठेवतात."

"फरक काय हो?" काशीनाथरावांनी विचारलं.

"ठेवायला पैसे पडतात."

ज्येष्ठांच्या तीन श्रेण्या होत्या: स्वावलंबी, अर्धावलंबी आणि परावलंबी. मदत जितकी जास्त, तितका दर चढा. शर्टाची बटणं लावून देण्याचे वेगळे, चष्मा शोधून देण्याचे वेगळे. सगळ्यात महाग होतं हूं हूं करत जुन्या गोष्टी ऐकणं, कारण त्या कामावर माणसं टिकत नव्हती. परावलंबी वडील उत्तमच्या पगाराबाहेर जात होते. स्वावलंबी मात्र रंगीत टीव्हीच्या हप्त्यात बसत होते. श्रेणी ठरवायला ममताबाई पुढच्या रविवारी घरी येणार होत्या.

आठवडाभर सूनबाई नीलिमाने सासऱ्यांची तयारी करून घेतली.

"बाबा, गुडघ्यावर हात टेकून उठायचं नाही. चष्मा कुठाय म्हणून विचारायचं नाही. आणि 'आई गं' तर अजिबात नाही."

"मग दुखलं तर काय म्हणू?"

"हसा."

नापास होऊन परावलंबी ठरलो तर मुलाला परवडणार नाही, म्हणून घरीच राहू, हे काशीनाथरावांना कळत होतं. आपल्याच घरात राहण्यासाठी लुळंपांगळं ठरायचं, एवढंच करायचं होतं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी गुडघ्याला तेल चोळून हसायला बसले.

रविवारी ममताबाईंनी विचारलं, "आजोबा, दिवसभर काय करता?"

"काय करणार, रिकामाच असतो. सकाळी दूध आणतो. नातवाला शाळेत सोडतो, आणतो. गॅसचा नंबर लावतो. लाईटचं बिल भरतो. आणि पाणी. आमच्याकडे पाणी दुपारी येतं, पण कधी येईल त्याचा नेम नाही. नळ खोकायला लागला की पिंप लावायचं. हे दोघं ऑफिसात. घरात म्हातारं माणूस नसेल तर या बिल्डिंगमध्ये पाणी भरणार कोण?"

ममताबाई उत्तमकडे वळल्या. "तुमचा गॅस कुठून येतो?"

"गॅस ना... बाबा, आपला गॅस कुठून येतो?"

"मुलगा कितवीत?"

उत्तमने पुन्हा वडिलांकडे पाहिलं. वडील शिकवल्याप्रमाणे हसले.

"यांना प्रवेश देता येणार नाही," ममताबाई म्हणाल्या. "या घरात परावलंबी माणसं आहेत. पण ती हे नव्हेत. यांना आम्ही नोकरी देऊ शकतो. सहायक म्हणून. राहणं-जेवण आमच्याकडे."

"म्हणजे आम्ही काहीच भरायचं नाही?" उत्तमने खात्री करून घेतली.

"उलट आम्ही यांना देऊ."

काशीनाथरावांनी उभ्या उभ्या होकार दिला आणि आतून पिशवी भरून आणली. शोकेसला मुठी पितळी हव्यात की काचेच्या, याचा नीलिमा तेवढ्यात विचार करत होती.

शोकेस आलं. त्यात काचेचे ग्लास मांडले. त्यांत ओतायला पाणी नव्हतं. दुपारी नळ खोकून खोकून गप्प बसे आणि संध्याकाळी दोघं घरी येत तेव्हा पिंप कोरडं ठणठणीत. बिल राहिलं म्हणून लाईट कापली. गॅस संपला. मुलगा शाळा सुटल्यावर वॉचमनपाशी बसू लागला. शेजारच्या गुजराती काकीने दोन दिवस हंडा दिला, तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुमारा बुढ्ढा किधर गया?"

शेवटी उत्तमने सायंप्रभाला फोन लावला. घरपोच सेवा होती, पण तीही श्रेणीनुसार. ममताबाईंनी फोनवरच श्रेणी सांगितली: "परावलंबी. दोघंही." दर अर्थातच सगळ्यात वरचा. हप्त्यावर घेतलेला रंगीत टीव्ही परत गेला.

सोमवारी बेल वाजली. दारात काशीनाथराव, अंगात निळा शर्ट, खिशाला बिल्ला.

"नमस्कार साहेब. पाणी किती वाजता येतं आपल्याकडे?"

"बाबा, हे काय लावलंय?"

"ड्युटीवर नात्याने हाक मारायची नाही, असा नियम आहे. मुक्कामी सहायकाला खाट द्यावी लागते. भिंतीला लागून. गुडघे दुखतात."

"मग तेव्हा हसत का होतात?" नीलिमाने विचारलं.

"तेव्हा फुकट होतो, वहिनी."

सुताराला पुन्हा बोलावलं. शोकेस आता जिन्याखाली असतं, त्यात सोसायटीचा पंप झाकून ठेवतात. काशीनाथराव पगार पोस्टात टाकतात आणि दुपारी खाटेवर पडून नळाच्या खोकल्याकडे कान ठेवतात.

तुम्ही हे हसत वाचलंत, ठीक आहे. हसायला पैसे पडत नाहीत. तुमची श्रेणी काढायला ममताबाईंची गरज नाही, एक प्रश्न पुरे. आज तुमच्या घरी पाणी आलं, तेव्हा तुम्ही कुठे होता?